पातळ हवेतली गोळी

मी एक जुना वायुभारमापक आहे. पितळेचं गोल अंग, वर काच आणि पोटात हवा काढून टाकलेली पत्र्याची डबी. बाहेरच्या हवेचा दाब वाढला की डबी आकसते, कमी झाला की फुगते आणि माझा काटा फिरतो. मित्रांनो, एवढंच माझं काम. कोणाची बाजू घेणं मला जमत नाही.

सौसरच्या हिरामण नावाच्या नेमबाजाने मला नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलं. रायफल तो चालवायचा. त्याचा चुलतभाऊ गुणवंता शेजारी पडून दुर्बिणीतून निशाण बघायचा, माझा काटा वाचायचा. जोडीने त्यांनी पुष्कळ ढाली जिंकल्या. तेव्हा हिरामण मला सदऱ्याच्या टोकाने पुसायचा.

मग संत्र्याच्या बागेतल्या सामाईक विहिरीचं पाणी आधी कोणी घ्यायचं, यावरून भावांत कुऱ्हाडी निघाल्या. बोलणं तुटलं. तरी १९८६ साली जिल्ह्याच्या संघात दोघांना जोडीनेच जावं लागलं.

सामने तामियाकडच्या उंच पठारावर होते. निशाण नऊशे मीटरवर, सरावाची गोळी नाही, पहिल्या गोळीपासूनच गुण. माझा काटा सौसरपेक्षा बराच उतरला होता. उंचावरची विरळ हवा गोळीला कमी अडवते, त्यामुळे ती निशाणाच्या वर लागते. मग साइट, म्हणजे रायफलीवरची नेम धरायची पट्टी, खाली घ्यावी लागते.

"हवा पातळ आहे इथं. रायफलीची साइट खाली घे भाऊ, नाही तं गोळी वरून जाईन," गुणवंता म्हणाला.

"तू मले हरवाले बसून राहिला. समजते मले सारं."

पहिली गोळी वर गेली. दुसरीही.

"रायफलीले तूच हात लावला," म्हणत हिरामणने मला उचलून खडकावर आपटलं. काच फुटली, काटा वाकला. गुणवंता दुर्बीण धरून राहिला.

मग त्याच्याकडे न बघता हिरामणने साइट खाली घेतली. उरलेल्या गोळ्या एकामागून एक काळ्या वर्तुळात बसल्या. खरं काय ते आता हिरामणलाही कळलं होतं. पण संघ हरला. परतीच्या बसमध्ये दोघे दोन टोकांना बसले. गुणवंता पुन्हा कधी दुर्बिणीला डोळा लावायला आला नाही.

आता मी बागेतल्या खोपटात फवारणीच्या पंपामागे पडून आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या साधनाला धक्क्यापासून, धुळीपासून जपा. नको ते सांगितलं म्हणून काट्यावर हात उगारू नका. आणि काटा वाचणारा तुमचा वैरी असला, तरी आधी साइट खाली घ्या. भांडण नंतरही करता येतं.