तीन पंचेचाळीस: शांत

मी हॅडली काउंटीच्या मुलांच्या सुधारगृहातली नोंदवही बोलतेय. हिरव्या पुठ्ठ्याची, दोनशे पानांची. माझ्यासोबत छापलेल्या वह्या शाळांमध्ये गेल्या. मला मात्र एकांतखोलीच्या दाराशी खिळ्याला टांगलं.

आत कोंडलेल्या मुलाला दर पंधरा मिनिटांनी झरोक्यातून बघायचं आणि माझ्यात लिहायचं, असा नियम होता. 'झोपलाय', 'रडतोय', 'शांत'. माणसं थकली की 'शांत' लिहितात, हे मला लवकरच कळलं.

लेलंड टकर तिथला पहारेकरी. माणूस वाईट नव्हता. पोरांना गुपचूप च्युइंगगम द्यायचा. पण एकट्याच्या अंगावर सोळा पोरं! म्हणून पाळी सुरू होतानाच तो माझं अख्खं पान भरून टाकायचा. तिथे सगळेच तसं करायचे.

जुलैतल्या एका दुपारी केन्ड्रेल नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला आत घातलं. शाळा बुडवतो म्हणून न्यायाधीशांनी त्याला सुधारगृहात पाठवलं होतं, आणि त्या दिवशी त्यानं जेवणाचा ट्रे भिरकावला होता. त्याला दमा होता.

"मिस्टर टकर, माझा पंप द्या ना. छाती भरून आलीय."

"नर्सला सांगतो. तू आधी दार बडवणं थांबव बाबा, डोकं उठलंय माझं."

टकर खरंच सांगायला निघाला होता. वाटेत जेवणघरात दोन पोरं एकमेकांच्या उरावर बसलेली दिसली, तो तिकडे धावला आणि निरोप राहूनच गेला. दारावरचे धक्के माझ्या पुठ्ठ्याला जाणवत होते. मग ते हलके झाले. मग थांबले.

साडेतीनला दार उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता. तीन चाळीसला रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली. माझ्या पानावर मात्र तो पाच वाजेपर्यंत आतच होता. तीन पंचेचाळीस: शांत. चार: शांत.

'दम्याने मृत्यू' असा शेरा मारून प्रकरण मिटवलं आणि मला तळघरातल्या खोक्यात टाकलं.

पाच वर्षांनी इनेझ कॉलिअर आली. मुलांसाठीचे कायदे कुठे चुकतात ते शोधून विधिमंडळाच्या समितीला अहवाल द्यायचा, हे तिचं काम.

"बाई, या रद्दीत काय मिळणार तुम्हाला? धूळ तेवढी मिळेल," कारकून म्हणाला.

"धूळ तर धूळ. खोकी खाली घ्या."

तीन महिने ती वाचत होती. चार हजार पानं. शेजारी रुग्णवाहिकांच्या आणि मुलांना बाहेर काढल्याच्या नोंदी ठेवून वेळा ताडून बघायची. माझ्या त्या पानावर तिचं बोट थांबलं. तिनं चष्मा काढला. त्या दिवशी तिचं सँडविच कागदात तसंच राहिलं.

समितीसमोर तिनं मला टेबलावर उघडून ठेवलं. अध्यक्ष म्हणाले, "एका चुकीसाठी मुलांना कोंडण्याचा अख्ख्या राज्याचा नियम बदलायचा?"

"एक नाही साहेब. दर तीन पानांतलं एक पान आधीच भरलेलं आहे."

मागच्या रांगेत टकर उभा राहिला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "अक्षर माझं आहे," तो म्हणाला. "मी आत बघितलंच नव्हतं."

केन्ड्रेलची आई रोझेटा पुढच्या खुर्चीवर होती. ती मागे वळली. आता ती त्याला फाडून खाणार, असं सगळ्यांना वाटलं. पण तिनं एवढंच विचारलं, "त्यानं मला हाक मारली का हो?"

"मला माहीत नाही, बाई. मी तिथे नव्हतो."

मला माहीत होतं. मारली होती. चार वेळा.

कायदा झाला. चार तासांपेक्षा जास्त वेळ मुलाला कोंडायचं नाही. पण शेवटच्या ओळीत कुणीतरी 'सुरक्षेचे कारण असल्यास सूट' असं घुसडलं. इनेझ आता त्या एका ओळीमागे लागली आहे. पुन्हा खोकी उतरवते, पुन्हा वेळा ताडते.

मी सरकारी दप्तरखान्यात आहे. रोझेटानं मला मागितलं होतं. सरकारी मालमत्ता देता येत नाही, असं उत्तर गेलं. आता माझी पानं पिवळी पडू लागली आहेत.

त्या दाराशी एव्हाना दुसरी वही टांगली असेल. तिच्यात लिहिणाऱ्या माणसा, माझं एक ऐक. पेन उघडण्याआधी त्या मुलाला नावानं हाक मार, आणि तो 'ओ' देईपर्यंत तिथून हलू नकोस.