पाच ग्रॅमची हाक

दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग पडलेला आणि आत पाऊल ठेवायला जागा नाही. सोफ्यावर पाच जण, जमिनीवर दहा-बारा, खिडकीच्या कट्ट्यावर दोघे. एवढ्या गर्दीत कुणी खोकतसुद्धा नव्हतं. सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या टर्नटेबलवर खिळलेले.

"श्वास रोखा," नादगुरू म्हणाले. "त्या येताहेत."

त्यांनी खिशातून तांब्याचं जाडजूड नाणं काढलं, कपाळाला लावलं आणि टर्नटेबलच्या दांडीवर, बरोबर सुईच्या डोक्यावर ठेवलं. मग ॲम्प्लिफायरवर हात फिरवत काहीतरी पुटपुटले आणि सुई रेकॉर्डच्या कडेला टेकवली. आधी नुसती खरखर. त्या खरखरीतून, फार लांबून यावा तसा, एका बाईचा आवाज आला, "ये..." आणि दोन सेकंदांत तोच शब्द खणखणीत वाजून गाणं सुरू झालं. गुरूंनी लगेच सुई उचलली.

"ऐकलंत? गाण्याच्या आधी हाक! रेकॉर्डिंगच्या वेळी त्यांनी ती मारलीच नव्हती. ती त्यांनी आत्ता मारली!"

शेजारच्या काकूंच्या अंगावर सरसरून काटा आला. शिंपीदादांनी हात जोडले. आणि बाबा? बाबा डोळे मिटून पुटपुटत होते, "आलो गं, आलो."

स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची मुलगी हे बघत होती.

ती रेकॉर्ड आईची होती. आईनं उभ्या आयुष्यात एकच गाणं रेकॉर्ड केलं. ती कंपनी कधीच बंद पडली, आणि घरात उरलेली ही एकच प्रत. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. आता तिचा आवाज म्हणजे एवढंच, काळ्या चकतीवरची चार मिनिटं.

बाबा नोकरीभर दुकानदारांची वजनमापं तपासत हिंडले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे महागडं टर्नटेबल घेतलं ते या एका गाण्यापायी. पाणसळ लावून ते सपाट बसवायचं, सुई मऊ ब्रशनं पुसायची, सुईनं रेकॉर्ड घासू नये म्हणून दांडीचं वजन बेताचं ठेवायचं. आई चिडवायची, "मला कधी एवढं जपलं नाहीत हो!" ती गेली, ब्रश फडताळात गेला, आणि मग कुणाच्या तरी ओळखीनं हे नादगुरू घरात शिरले.

"यंत्राला कान असतात, कानाला यंत्र नसतं," असलं काहीतरी ते इतक्या गंभीरपणे बोलायचे, की अर्थ विचारायची कुणाची छाती होत नसे. आधी टर्नटेबलखाली त्यांचा 'स्थिरशिळा' नावाचा दगड आला. मग ॲम्प्लिफायरवर आवाज कमी-जास्त करायच्या साध्या बटणाच्या जागी चंदनी बटण. शेवटी हे नाणं, 'नादमुद्रा'. बाबा आता दिवसातून तीस-चाळीस वेळा सुई टेकवायचे, ती हाक ऐकायचे आणि सुई उचलायचे. पुढचं गाणं महिनोन्‌महिने कुणी ऐकलंच नव्हतं.

"बाबा, खरखर वाढलीय," मुलगी आज सगळ्यांसमोर म्हणाली. "आईचा आवाज विरत चाललाय."

"ती खरखर नव्हे, ताई," गुरू गोड हसले. "पलीकडचं दार किलकिलं होतंय. आणखी थोडी आवर्तनं होऊ देत, आई पूर्ण वाक्य बोलतील."

हे ऐकून मात्र तिचं डोकं फिरलं. ती इस्पितळात लोकांचे कान तपासायची. बंद खोलीत, हेडफोन लावून. काहीच वाजवलेलं नसताना "आलं, आलं!" म्हणत बटण दाबणारी माणसं तिनं रोज पाहिली होती. पण ही हाक तशी नव्हती. ती तिलाही ऐकू येत होती, म्हणून तर तिची झोप उडाली होती.

"गुरुजी, आता एक रेकॉर्ड मी लावते," ती पुढे झाली.

"अगं, त्यांचा अपमान होतोय," काकू कुजबुजल्या.

"काकू, दोन मिनिटं. मग हवं तेवढं बोला मला."

तिनं नाणं काढून टेबलावर ठेवलं, आईची रेकॉर्ड पाकिटात घातली आणि परेडच्या बँडची एक जुनी रेकॉर्ड लावली. आधी एक बारीकसं, लांबचं "ढम". मग दणदणीत "ढम!"

शिंपीदादांचे डोळे विस्फारले. "अरेच्चा! हा पण आधी वाजला!"

"बघा ना. हे ढोलवाले कुणाला बोलावताहेत?"

कट्ट्यावरचे दोघे फिस्सकन हसले. बाबा हसले नाहीत.

"आता हे बटण बघा. सकाळी मी इथे पेन्सिलनं रेघ मारून ठेवली होती. मंत्र पुटपुटताना गुरुजींनी ते केवढं पुढे फिरवलंय!" तिनं आवाज रेघेपर्यंत खाली आणला आणि बँड पुन्हा लावला. या वेळी पहिला ढम आलाच नाही. "रेकॉर्डवरच्या खाचा एकमेकींना खेटून असतात. रेकॉर्ड तयार होतानाच एका खाचेतला जोरकस आवाज शेजारच्या खाचेत जरासा उमटतो. भिंतीपलीकडचं भांडण ऐकू येतं ना, तसा. चकतीचा एक फेरा दोन सेकंदांचाही नाही, म्हणून तो तेवढाच आधी वाजतो. आवाज मोठा केला की ऐकू येतो. आईची हाक म्हणजे तिच्याच गाण्याची पडछाया आहे, बाबा."

"तर्कानं नाद सापडत नाही!" गुरू गरजले. "मुद्रेशिवाय..."

"मुद्रेचंच सांगते." तिनं नाणं बाबांच्या तळहातावर ठेवलं. "बाबा, गावभरच्या दुकानांतली वजनं तपासलीत तुम्ही. हे तोललंत का?"

बाबा उठले, कपाटाच्या खणातून आपला जुना, खिशात मावणारा वजनकाटा काढला आणि नाणं त्यावर ठेवलं.

"पाच ग्रॅम."

"सुईचा भार किती असायला हवा?"

"दोन." त्यांनी काटा पुन्हा वाचला. "दोनच्या जागी सात. अर्ध्या ग्रॅमसाठी दुकानांना कुलपं लावलीत मी."

"तुमची श्रद्धा कमी पडली," म्हणत गुरू दगड उचलायला वाकले. शिंपीदादांनी त्यांना वाट करून दिली, दाराकडची. बाकीचेही खाली मान घालून एकेक करत उठले.

घर रिकामं झालं. बाबांनी दांडीचं वजन स्वतः नीट केलं, सुई पुसली आणि आईची रेकॉर्ड लावली. खरखर, नुसती खरखर. हाक तर नव्हतीच, पण गाण्याची पहिली ओळही घासून पार पुसट झाली होती.

"ती बोलावत नव्हती," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "आणि मी तिला खरवडत बसलो गं."

सवयीनं त्यांचा हात सुईकडे गेला. मुलीनं तो धरला.

"उचलू नका. पुढे जाऊ दे."

सुई आणखी काही फेरे पुढे सरकली. खरखर ओसरली आणि दुसऱ्या ओळीपासून आई गायला लागली, स्वच्छ, मोकळी, मध्येच जरा हसू आल्यासारखी. नाणं तिथवर पोचलंच नव्हतं. दोघं हात धरून शेवटपर्यंत बसून राहिले.

ती पहिली ओळ काही परत आली नाही.

बाबांच्या खणात एका दुकानातून जप्त केलेलं खोटं वजन आहे. नाणं आता त्याच्याशेजारी असतं. कुणी चमत्काराची गोष्ट सांगत आलं, की बाबा खण उघडून दोन्ही दाखवतात आणि म्हणतात, हात जोडायच्या आधी तोलून बघा. काटा माझ्याच घरात होता. मी तो बाहेर काढला नाही, म्हणून तिचा पहिला शब्द गेला.