ऊर्जानाथांची शक्तिपेटी

दर रविवारी सकाळी कसाऱ्याखालच्या माळावर एक ट्रक आवाज न करता चढ चढायचा आणि तीनशे माणसं हात जोडून बघायची.

ट्रक रिकामा नसायचा, खडीने भरलेला असायचा. एरवी असा ट्रक त्या चढावर पहिल्या गिअरमध्ये कण्हत, काळा धूर ओकत जातो. हा गुपचूप निघायचा. चाकांखाली खडे चुरडल्याचा काय तो आवाज. ऊर्जानाथ महाराज आधी केबिन पुढे कलती करून बंद इंजिन दाखवायचे. गर्दीतल्या कुणालाही बोलावून सायलेन्सरला हात लावायला लावायचे. गार. डिझेलच्या टाकीत काठी बुडवायचे. कोरडी. मग माइक तोंडाशी घ्यायचे.

"सायन्सवाले विचारतील, हे कसं काय? त्यांना सांगा, ही क्वांटम देवी आहे. चढ आला की भार उचलते, उतार आला की उतार पिते."

बायका चाकांना हळदकुंकू वाहायच्या. चाकांनी कधी तक्रार केली नाही.

ताडपत्रीच्या कडेतून मनगटाएवढी जाड केशरी वायर डोकावायची. ती म्हणे देवीची भगवी नाडी, दर्शन लांबूनच. तीन चढ झाले की देवी दमायची. ट्रक पडद्यामागच्या शेडमध्ये जायचा, आरतीचा भोंगा लागायचा, आणि ड्रायव्हर लोक शक्तिपेटीच्या प्रसादासाठी रांग लावायचे. लाल कापडात शिवलेला जड डबा, वर लुकलुकणारा दिवा. प्रसाद फुकट नव्हता, एवढंच सांगते.

मी याच रस्त्यावर गाड्यांचे डायनॅमो आणि सेल्फ-स्टार्टर दुरुस्त करते. नवरा गेला तेव्हा दुकान बंद करायचं ठरलं होतं. मी म्हटलं, आधी हा एक जळका डायनॅमो उघडून तर बघते. त्याला बावीस वर्षं झाली. पेटी पाहून मला पहिल्या दिवशी हसू आलं. ते हसू गेलं पेटीबरोबरचा नेम ऐकल्यावर.

नेम असा होता: घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची आणि इंजिन बंद करायचं. म्हणजे उताराची ताकद देवी पेटीत भरून घेते आणि पुढच्या चढाला परत देते. मध्येच जो किल्ली फिरवील, त्याची पेटी रिकामी.

डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारायची खोड आमच्याकडच्या ड्रायव्हरांना आधीपासूनच आहे. महाराजांनी त्या खोडीला फक्त कुंकू लावलं.

पेटी घेणाऱ्यांत माझा धाकटा दीर महिपत होता. शिवाय महाराजांनी त्याला मान दिला होता. येत्या रविवारी माळावर त्याच्या ट्रकची पूजा, मग त्याने वर इगतपुरीला जाऊन सोळा टन कांदा भरायचा आणि इंजिन बंद ठेवून सगळा घाट उतरून यायचं. खाली गर्दी हार घेऊन उभी राहणार. शेजारच्या सीटवर नारळ घेऊन त्याची बायको चंद्रकला बसणार.

मी त्याची पेटी उसवली. आत सिमेंटचा गट्टू आणि दिव्यापुरती स्कूटरची जुनी बॅटरी. दोन्ही त्याच्यापुढे ठेवलं. त्याने आधी गट्टूकडे बघितलं, मग माझ्याकडे, जसं काही मी त्याच्या घरातलं माणूसच मारलं होतं.

"उघडली ना वहिनी तुमी? मंग देवी जानारच. महाराज बोललेच होते."

संध्याकाळपर्यंत त्याने दुसरी पेटी आणली.

मग मी डोळखांबकडच्या पाड्यावरच्या अंजूला ट्रकचा व्हिडिओ पाठवला. अंजू डिप्लोमा करून वाशिंदजवळच्या एका छोट्या वर्कशॉपात कामाला होती. तिथे ट्रकला इंजिनच्या जोडीला विजेची मोटर बसवायचे प्रयोग चालत. वर्कशॉप बंद पडलं, सामान लिलावात गेलं. व्हिडिओ बघून ती दुसऱ्याच दिवशी दुकानात आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "मावशी, गाडी खोटी नाय. गाडी खरी हाय. तिच्या मोटरीचे बोल्ट मी आवळलेत."

मग तिने मला जमिनीवर खडूने काढून दाखवलं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये मोटर. चढाला ती जोर देते, इंजिन बंद असलं तरी. उताराला चाकं तिलाच फिरवतात, की ती डायनॅमो होते. त्याने गाडी आवरलेली राहते आणि बॅटरी भरते. ब्रेक घासून वाया जाणारी ताकद साठवायची आणि पुढच्या चढाला डिझेल कमी जाळायचं, एवढ्यासाठी ती पोरं चार वर्षं डोकं लढवत होती.

डायनॅमो मला कळतो, म्हणून हेही कळलं. महाराजांचं अर्धं बोलणं खरं होतं. निव्वळ थापेवर महिपतने कदाचित शंका घेतली असती.

"न्यूट्रलला तर आमच्या गाडीचीपन बॅटरी भरत नव्हती," अंजू म्हणाली. "गिअरच सोडला तर चाकं मोटरीला फिरवनार कशी?"

ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर लागतात आणि ती हवा इंजिन भरतं. मी त्या हवेचं विचारलं. तिने खडू खाली ठेवला. त्यांनी हवेला वेगळी मोटर लावली होती, स्टेअरिंगला वेगळी, इंजिन बंद असताना दोन्ही चालावीत म्हणून. महिपतच्या जुन्या ट्रकात दोन्ही इंजिनावरच चालत होती.

रविवारी माळावर दुप्पट गर्दी. महिपतच्या ट्रकला झेंडूचे हार, चंद्रकला नव्या साडीत केबिनमध्ये. मी महाराजांना वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, घाटाआधी त्याने इथे एकदा नेम करून दाखवावा, देवीला माळ काय आणि घाट काय. एवढ्या माणसांसमोर त्यांना नाही म्हणता येईना.

मी चाकांना दगड लावले.

"महिपत, इंजिन बंद, किल्ली चालूच ठेव. आता ब्रेक मार, सोड, परत मार. चंद्रकला, तू हवेच्या काट्यावर बघ आणि मोठ्याने मोज."

चंद्रकला मोजू लागली. पाचव्या दाबाला काटा अर्ध्याकडे आला. अकराव्याला हवा कमी झाल्याचा बझर वाजला. महिपतने माझ्याकडे बघितलं, पण पाय थांबवला नाही. अठराव्या दाबाला ब्रेकचा फुस्स आवाजसुद्धा धड निघेना.

"काटा तळाला गेला," चंद्रकला म्हणाली.

"स्टेअरिंग फिरव," मी सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी ओढलं. दगडासारखं घट्ट.

गर्दीतला रघू नावाचा जुना ड्रायव्हर म्हणाला, हवा संपली की मागची चाकं आपोआप जाम होतात, एवढं काय त्यात. मग त्याचा त्यालाच अर्थ लागला. सोळा टन, वळण, आणि अचानक जाम झालेली चाकं.

"घाटात किती वेळा मारतोस रे ब्रेक?" मी महिपतला विचारलं.

"मोजले नाय कधी."

महाराज माइकवर बोलू लागले की शंका घेतली म्हणून देवी रुसली. तोवर अंजू त्यांच्या ट्रकची ताडपत्री सोडत होती.

"त्या नाडीला हात लावशील तर भस्म होशील," ते ओरडले.

"होईन ना. म्हनूनच तिला केशरी रंग देतात. आत शेकड्यांनी व्होल्ट हायत, मानसाने लांब ऱ्हावं म्हनून." तिने ताडपत्री मागे टाकली. बॅटरीच्या पेट्या उघड्या पडल्या. मग ती शेडकडे गेली आणि पडदा ओढला. आत डिझेलचा जनरेटर होता, बॅटरी भरायला त्याची केबल ट्रकपर्यंत आणलेली. देवी तीन चढांत का दमते आणि आरतीचा भोंगा एवढा मोठा का, हे लोकांना आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

महाराजांच्या माणसांची पळापळ झाली. तिकडे मी बघितलंच नाही. महिपतने इंजिन चालू केलं. काटा हळूहळू वर चढला, आणि तो पुरता वर जाईपर्यंत चंद्रकलेने त्यावरून नजर काढली नाही. मग ती नारळ सीटवर ठेवून खाली उतरली आणि चाकापाशी बसली. महिपत तासभर फोनवर होता. पेटी घेतलेल्या एकेकाला सांगत होता, "गिअरात उतर. किल्लीला हात नको लावू."

सोमवारी माळ रिकामा होता, ट्रकसुद्धा नव्हता. गेल्या आठवड्यात मुरबाडचं एक गिऱ्हाईक सेल्फ दुरुस्त करायला आलं आणि सहज म्हणालं, आमच्याकडे माळशेजच्या रस्त्याला एक ट्रक येतो, आवाज न करता चढतो. लाल पेटी मिळते.

म्हणून हे लिहिलं. मुरबाडच्या भावांनो, तो ट्रक खरा आहे. तो माणसांनी बनवलाय, डोकं लावून, बोल्ट आवळून, आणि उद्या तसे ट्रक रस्त्यावर आले तर आनंदाने घ्या. पण तुमच्या गाडीला ती मोटर नाही. पेटी घेण्याआधी गाडी सपाटीला लावा, चाकांना दगड द्या, इंजिन बंद करा आणि ब्रेक मारत मारत मोजा. काट्यावर बघायला घरातलं कुणी जवळ बसवा. मग काय ते ठरवा.