चपलेचा खटका

सॉफ्टवेअर एकच चूक दाखवत होतं, आणि ती चूक समताची नव्हती.

समता मोताळ्याच्या एका पतसंस्थेत नोकरी करायची, पण रविवार सर्किटांचा. इतर मुली मोबाईलवर साड्या बघतात, ही रिले, म्हणजे विजेनं चालणारे खटके, बघायची. हा नाद थोरल्या भावानं लावलेला, संघर्षनं. लॅपटॉपही त्याचाच, आणि सर्किटचा बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमधली सुट्या भागांची चित्रंही त्यानंच एकेक करून काढलेली. संघर्ष गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात विहिरीत गेला.

त्यांच्याकडे रीत अशी, की विहिरीत उतरणाऱ्यानं आपली एक चप्पल मोटरच्या स्टार्टरच्या पेटीला अडकवायची. चप्पल दिसली की माणूस खाली आहे, बटनाला हात लावायचा नाही. संघर्षनं चप्पल अडकवली होती. पण पेटीत ऑटो होता, लाइन आली की मोटर आपोआप लावणारा. ऑटोला चप्पल दिसत नाही. संघर्ष खाली गाळ काढत असताना लाइन आली, मोटर सुरू झाली आणि पाण्यात करंट उतरला.

वडिलांनी, पंजाबरावांनी, ऑटो उपटून फेकला. पण लाइन वेळी-अवेळी येते, शेत लांब, गुडघे दुखरे. रब्बीला ऑटो परत बसला. चप्पल मात्र त्यांनी पुन्हा अडकवली नाही. "चपलेनं त्याले वाचोलं का?" एवढंच म्हणायचे आणि तसेच उतरायचे. ते विहिरीकडे निघाले की समताचा जीव टांगणीला लागायचा. म्हणून ती नवा बोर्ड करत होती: लाइन आली की आधी भोंगा वाजवून, थोडं थांबून मग मोटर लावणारा.

बोर्डाचं चित्र पूर्ण झालं. तिनं 'तपासा' दाबलं. 'एक जोडणी अपूर्ण.' ज्या दोन टोकांमध्ये तांब्याची वाट काढायची राहिली असेल, तिथं सॉफ्टवेअर बारीक पांढरी रेघ दाखवतं. ही रेघ रिलेपासून निघून बोर्डाच्या कडेबाहेर, पार काळ्या रिकाम्या जागेत गेली होती. समतानं ती पुसली. पुन्हा तपासलं, तर रेघ जागच्या जागी.

इंटरनेटवर हौशी लोकांचा एक गट होता, तिथं तिनं विचारलं. उत्तर आलं, जुन्या चित्रांचा फोल्डर बिघडलाय, उडवा आणि सगळं नव्यानं टाका. सांगणाऱ्याचं काय जातं! भावाच्या हातची चित्रं उडवताना तिला रडू फुटलं. तरी उडवली. सॉफ्टवेअर नवं टाकलं, बोर्ड पहिल्यापासून काढला, तपासला. तीच रेघ.

आता मात्र ती रेघेमागे गेली. पडदा सरकवत राहिली. बोर्ड दिसेनासा झाला, तरी रेघ संपेना. मग टोकाला एक भाग दिसला. साधा खटका, दोन पायांचा. वर नाव लिहिलेलं: चप्पल.

तिनं आईला हाक मारली. बेबीताई पिठाच्या हातानं आल्या, वाकून बघू लागल्या.

"हे कोनं लिहलं?"

"मले नाही मालूम, आई. म्या नाही लिहलं."

बेबीताईंनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग पदराला हात पुसून हलकेच म्हणाल्या, "मंग जोडून टाक. काऊन थांबली?"

समतानं जोडलं. चूक गेली.

बोर्ड बनून आला. पेटीच्या बाहेर तिनं एक हूक बसवला. त्याला चप्पल अडकवली की वजनानं हूक खाली येणार, आणि तो खाली असेपर्यंत मोटर लागणार नाही. पंजाबरावांनी सगळं ऐकून घेतलं. "भोंगा ठीक हाय. चप्पल म्या नाही लावत," म्हणाले.

पुढच्याच रविवारी भर दुपारी मोटरीत कचरा अडकला. लाइन नव्हती. समता शेताच्या दुसऱ्या टोकाला होती, तिला न सांगताच ते उतरले. आणि भोंगा वाजला.

ती धावत सुटली. ते गुडघे घेऊन बाबा इतक्यात वर येणं शक्य नाही, हे तिला ठाऊक होतं. अर्ध्या वाटेत भोंगा थांबला. आता मोटर लागणार होती.

विहिरीशी पोचली तर मोटर बंद. पेटीवरचा लाल दिवा लागलेला, म्हणजे लाइन होती. पंजाबरावांच्या दोन्ही चपला काठावर. आणि हूक खाली ओढलेला. तिनं हुकाखाली हात फिरवला. काही नव्हतं.

पंजाबराव धापा टाकत वर आले. त्यांनी हूक पाहिला.

"म्या नाही लावली."

"मालूम हाय, बाबा."

हूक तसाच होता. वारा नव्हता, पण तो हलके हलके झुलत होता. पंजाबराव ओल्या अंगानं त्याच्यासमोर उभे राहिले.

"आलो रे वर," ते म्हणाले. "काढ आता तुयी चप्पल."

हूक खट्‌कन वर गेला आणि मोटर सुरू झाली.