मी थांबले नाही

माझा भाऊ खुर्चीत बसत नाही, खुर्चीशी भांडतो. त्या दुपारीही तो माझ्या लॅबमध्ये येऊन स्टुलावर टेकला, उठला, खिडकीशी गेला, प्लास्टरच्या साच्यांना हात लावला, ओरडा खाल्ला आणि परत टेकला. गुडघा मात्र हलतच होता.

मी दात बनवते. डॉक्टर माप घेऊन पाठवतात आणि आमच्याकडे त्या मापावर दात उभे राहतात. या माणसाचा वरचा पुढचा दात एका कार्यक्रमात गेला, तोही स्वतःच्याच माइकवर आपटून. त्याला मी गुलाबी पट्टीवर बसवलेला काढता-घालता दात करून दिला होता. तो त्याने बेसिनमध्ये पाडून फोडला. नवा दिला, तर आता प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजत होती.

"ताई, संध्याकाळी शो आहे," तो म्हणाला. 'संध्याकाळी'तल्या 'स'ला अशी शिट्टी वाजली की शेजारच्या टेबलावरच्या पोरीने मान वर केली.

एरवी शिट्टीने काही बिघडलं नसतं. घरात आम्ही त्याला लहानपणापासून भोंगा म्हणतो आणि बाहेरच्या जगानेही तेच नाव उचललं. त्याचा पंक बँड आहे. ड्रम बडवले जातात, गिटारी किंचाळतात, त्यात हा बेंबीच्या देठापासून ओरडतो आणि काय ओरडतो ते कुणाला कळत नाही. पण आज बँड नव्हता. गिटार नाही, ड्रम नाही. हा एकटा माइकसमोर उभा राहून नुसता बोलणार होता.

"नुसतं बोलणार?" आईने विचारलं होतं. "मग त्यासाठी हॉल कशाला? घरी ये आणि बोल. फोनसुद्धा करत नाहीस."

मी पट्टी हातात घेतली. शिट्टी वाजते ती दाताच्या मागे पट्टी जाड राहिल्यामुळे. थोडं घासायचं, तोंडात घालायचं, बोलून बघायचं, पुन्हा घासायचं. इतरांना मी साठ-सत्तर म्हणायला लावते. याने सरळ आपला कार्यक्रमच सुरू केला.

"मी आठवीत होतो. शाळेचा कार्यक्रम होता. वडील स्टेजच्या कडेला ॲम्प्लिफायरपाशी बसले होते. मला स्वागतगीत म्हणायचं होतं, पण मी स्वतः केलेलं गाणं म्हणायला लागलो. मैदानाच्या चावीचं…"

मी घासायचं मशीन बंद केलं.

"पुन्हा म्हण. कोण होतं आठवीत?"

तो खिडकीकडे बघायला लागला.

आठवीत मी होते. हा तेव्हा पहिलीतही नव्हता. बाबांचा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता, शाळेचं कामही त्यांच्याकडेच असायचं. आणि चावी मैदानाची नव्हती, मुलींच्या संडासाची होती. मुख्याध्यापक ती स्वतःच्या टेबलात ठेवायचे. मागायला गेलं की आधी वर्गाचं नाव विचारायचे, मग कशाला हवी ते विचारायचे. कशाला हवी! म्हणून मी गाणं केलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर ठणकावून म्हटलं:

चावी कुणाकडे, सर, चावी कुणाकडे?
पाय आवळून उभा वर्ग दाराकडे.

मुख्याध्यापकांनी बाबांकडे नुसतं बघितलं. बाबांनी वायर ओढली. माइक मेला. मी थांबले नाही, तशीच गात राहिले. अगदी शेवटच्या रांगेमागे शाळेचे शिपाईकाका उभे होते. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "ऐकू येतंय. चालू दे."

ही गोष्ट मी भोंग्याला रोज झोपताना सांगायचे. दुसरी कुठली चालायचीच नाही त्याला. शिपाईकाका आले की तो पांघरुणातून हात बाहेर काढून स्वतःच म्हणायचा, "ऐकू येतंय, चालू दे," आणि मी दिवा बंद करायचे.

"तू कुठे कुणाला सांगतेस ती?" तो आता म्हणाला. "नुसती पडून होती."

"माझा लग्नातला ड्रेसही कपाटात पडून आहे. तो घालून जातोस का स्टेजवर?"

"ताई, समजून घे ना. लोक विचारतात, तू असा का झालास? मी तर त्या गोष्टीमुळेच असा झालो. मग ती थोडी माझीही नाही का?"

"आणि संडास कुठे गेला?"

"तो काढावा लागला. मुलाचं त्यावाचून काय अडतंय?"

"म्हणूनच ती तुझी नाही, गाढवा!"

शेजारची पोरगी साच्यात डोकं घालून बसली. तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. सगळा शो त्या गोष्टीवर उभा आहे, म्हणाला. आज रेकॉर्डिंग आहे, आता बदलता येणार नाही. माझं डोकं फिरलं होतं, आणि फिरलेल्या डोक्याने दात घासू नये. एकदा रेकॉर्ड झाली की ती कायमची त्याची होणार होती. मग मी जन्मभर सांगत फिरले असते, तरी लोकांनी म्हटलं असतं, ही भावाचं उचलून सांगते.

"झालं का?" त्याने विचारलं.

झालं नव्हतं. मागची बाजू अजून जाडच होती.

"झालं," मी म्हणाले आणि पट्टी त्याच्या हातावर ठेवली.

हॉल म्हणजे जुनं गोदाम होतं. लोखंडी खुर्च्या, कोपऱ्यात पंखा, आणि काळ्या कपड्यांतली पोरं भिंतींना टेकून उभी. आईला मी आतल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः वाटेच्या कडेची घेतली. माझं ठरलं होतं. गोष्ट सुरू झाली की उठायचं, सगळ्यांना दिसेल असं बाहेर जायचं.

तो आला आणि हॉलने आरोळी ठोकली. गिटार नसल्यामुळे त्याच्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं. ते खिशात जात, केसांत जात, वायर गुंडाळत, पुन्हा सोडत. इकडून तिकडे फेऱ्या चालूच. त्याने बँडच्या भांडणांचे किस्से सांगितले, एका बंद पडलेल्या व्हॅनचा सांगितला. शिट्टी वाजत होती, पण लोकांना वाटलं ती मुद्दामच आहे. पोट धरून हसत होते. मीही हसले एकदा, आणि स्वतःचाच राग आला. पर्सचा पट्टा पिळून पिळून मी त्याची दोरी केली होती.

"मी आठवीत होतो," तो म्हणाला.

मी पर्स उचलली. तो मैदानाच्या चावीपर्यंत आला तशी आई माझ्याकडे वळली. आईला वाटतं ती कुजबुजते. "अगं, हा काय सांगतोय? हा तर माझ्या मांडीवर झोपला होता!"

पुढच्या चार रांगा हसल्या. त्याने ऐकलं. त्याची फेरी अर्ध्यातच अडखळली, पण बोलणं चालूच राहिलं.

"वडिलांनी वायर ओढली. आवाज गेला. पण मी थांबले नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"थांबलो," तो म्हणाला. "मी थांबलो नाही. मी तशीच गात राहिले."

आता सगळा हॉल हसला. मागून एक पोरगा ओरडला, "भोंगा, राहिलो की राहिले?"

मी तोवर उठून उभी राहिले होते. निघायचंच होतं मला, पण पाय उचलेना, कारण स्टेजवर माझा भाऊ उभा होता. नुसता उभा. हात नाही, गुडघा नाही, काहीच हलत नव्हतं. झोपेतसुद्धा मी त्याला इतकं स्थिर पाहिलेलं नाही. ओठ मात्र पुटपुटत होते. राहिलो, राहिलो. दुसऱ्याच्या मापाचा दात लोक असाच जिभेने चाचपून बघतात.

"बसत नाहीये," तो म्हणाला. "मैदान नव्हतं ते. संडास होता."

दोन्ही 'स' खणखणीत वाजले. पुन्हा हशा झाला. हसणं ओसरेपर्यंत तो थांबला.

"मुलींचा संडास. आणि मी खरंच झोपलो होतो. ही माझ्या ताईची गोष्ट आहे. मी ती तिच्याच तोंडून शिकलो, म्हणून मला ती तिच्यासारखीच येते. मी चोरत होतो. नीट चोरताही आली नाही." त्याने हॉलभर नजर फिरवली आणि मी त्याला सापडले. सापडणारच, खुर्च्यांमध्ये मी एकटीच उभी होते. "ताई, तू रोज शिपाईकाकांपाशी दिवा बंद करायचीस. पुढे काय झालं?"

सगळ्या माना वळल्या. त्यांना वाटलं, मी बोलायलाच उभी आहे. आई खालून माझा ड्रेस ओढत होती. बस म्हणून की बोल म्हणून, देव जाणे. एकाने माइक पुढे केला. मी मान हलवली. माइक मला नकोच होता.

"पुढे," मी म्हणाले, पण माइकशिवाय ते आईपर्यंतच पोचलं.

"ऐकू येत नाही!" कुणीतरी ओरडलं.

मी स्टेजकडे बघितलं तर स्टेज रिकामं. तो खाली उडी मारून खुर्च्यांमधून धावत सुटला होता. पार शेवटच्या रांगेमागे जाऊन भिंतीला पाठ लावून तो उभा राहिला आणि त्याने हात वर केला.

"ऐकू येतंय," तो म्हणाला. "चालू दे."

मला रडू आलं. आलं तर आलं. मी घसा खाकरला आणि शेवटच्या रांगेत पोचेल असं बोलायला लागले.

"पुढे दुसऱ्या दिवशी चावी संडासाच्या दारालाच लटकवलेली होती. आणि तिथून ती पुन्हा कुणी काढली नाही."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. पोरींनी शिट्ट्या मारल्या, त्याच्या 'स'पेक्षाही मोठ्या. मी तेवढ्यावर बसू शकले असते. झोपवायला सांगितली असती तर तिथेच दिवा बंद केला असता. पण मागे त्याचा हात खाली येईना.

"त्या दिवशी घरी जाताना बाबा एक अक्षर बोलले नाहीत," मी म्हणाले. टाळ्या विरत गेल्या. "घरी आल्यावर वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, आवाज छान आहे गं तुझा. पण पुन्हा नको. मला याच शाळांची कामं करायची आहेत. मी म्हणाले, बरं."

पंख्याचा आवाज येत होता. आईने माझा ड्रेस सोडला होता.

"बरं म्हणाले आणि मी थांबले," मी म्हणाले. "परत कधी गायले नाही."

 मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. माझ्या भावाचा हात अजून वरच होता.