फळ्याच्या कडेवरचा धोटा

ऐकणाऱ्याला एखादा शब्द ठाऊक नसेल, तर उणेपण ऐकणाऱ्याचे असते. शिक्षा मात्र बोलणाऱ्याला होते. मित्रांनो, हा अन्याय मी भिंतीवरून पाहिला आहे. मी नागपुरातील एका शाळेच्या मराठीच्या वर्गातला जुना फळा आहे.

सागाच्या लाकडातून माझा देह घडला. किती पिढ्यांनी माझ्यावर 'ळ' गिरवला! मुले चुकत, तळहाताने पुसत, पुन्हा लिहीत. मग सीताबर्डीच्या बाजारातून संगणकाचा एक मोठा पडदा आला. बोललेले ऐकून तो लिहितो, शुद्ध करतो, गुणही देतो. तो माझ्याच छातीवर ठोकला गेला. माझी वीतभर कड तेवढी उघडी राहिली.

एके दिवशी 'माझे आजोबा' या विषयावर गोपिका बोलायला उभी राहिली. विणकराची नात ती. म्हणाली, "माह्या आबानं जनमभर धोटा चालवला."

पडद्यावर उमटले, 'माझ्या आजोबांनी जन्मभर घोटाळा चालवला.'

वर्ग खो खो हसला. रोहित ओरडला, "काहून वं गोपिका, पोलीस नाही आले का तुह्या घरी?"

"घोटाळा नाही म्हनलं मी! धोटा! मागावर सुतातून इकडून तिकडं धावते तो!"

मराठी शिकवणाऱ्या ऋतुजा मॅडम मनाने वाईट नव्हत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, पडद्याला समजेल असं बोलावं."

गोपिका त्याला समजेल असे बोलू लागली. पालकसभेत तिने पडद्यानेच रचून दिलेले भाषण म्हटले, 'माझे आजोबा रोज सकाळी बागेत फिरायला जातात.' पूर्ण गुण झळकले, टाळ्या झाल्या. मागच्या बाकावर तिचे आबा, चंपतराव, बसले होते. हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसता बसता त्यांचे गुडघे कायमचे आखडले होते. त्यांनी नातीला जवळ घेतले आणि हळूच विचारले,

"बेटा, हे कोनाचे आबा व्हय वं?"

सभा पांगल्यावर गोपिका माझ्यापाशी आली, तिने खडूचा एक तुकडा शोधला आणि माझ्या उघड्या कडेवर लिहिले, 'धोटा'. त्यानंतर वर्गात तिने आपल्या घरची बोली कधी उच्चारली नाही.

मला आता कोणी पुसत नाही, म्हणूनच तो शब्द टिकून आहे. मित्रांनो, पडद्याशी माझे वैर नाही. त्याला जे कोणी शिकवले नाही, ते त्याला कोठून कळावे? पण तुम्हाला तर कान आहेत. शेजारच्या बाकावरून अनोळखी शब्द आला, तर हसण्याआधी त्याचा अर्थ विचारा.

गोपिकेची वाणी पुन्हा मोकळी होवो. चंपतरावांना त्यांची नात परत लाभो. आणि त्या पडद्यालाही ऐकण्याची बुद्धी होवो.