धुक्यातून सुटलेली तिरीप

मी एक जुनी तिरीप आहे. किती जुनी ते सांगितले तर तुम्हाला खरे वाटणार नाही. मी निघाले तेव्हा तुमचा सूर्य नव्हता आणि पृथ्वीही नव्हती.

माझे माहेर म्हणजे एक चिमुकली दीर्घिका, ताऱ्यांची लहानशी वस्ती. तेव्हा सगळे विश्व हायड्रोजन वायूच्या धुक्याने भरले होते. आमच्यासारख्या लहान वस्त्या असंख्य होत्या. त्यांत निळे, तापट तारे जन्मत, थोडेच जगत आणि फुटत. त्या धक्क्याने भोवतालच्या वायूला भोके पडत आणि त्यांतून माझ्या जहाल, अतिनील बहिणी बाहेर धावत. अणूवर आदळून त्या त्याचा इलेक्ट्रॉन उडवत आणि तिथेच संपत. असे होत होत धुके विरले. मी मवाळ होते. अणूंनी मला अडवलेच नाही, म्हणून मी एकटी पुढे आले.

मित्रांनो, एवढ्या वाटेत मला बोलायला कोणी भेटले नाही. विश्व पसरत गेले तशी मीही ताणली गेले आणि माणसाच्या डोळ्याला दिसेनाशी झाले.

एकोणीसशे त्रेसष्टच्या थंडीत मी वडनेर भोलजी गावाच्या शिवारात उतरले. रुखमाबाईंची दोन एकर तूर फुलोऱ्यात होती आणि चार दिवस धुई, म्हणजे दाट धुके, पडत होती. धुईने फुले गळतात. नवरा गेल्यापासून बाई एकट्याच शेती करत. यंदा तूर गेली तर वावर, म्हणजे शेत, शेजारच्या महादेवरावांना कसायला द्यायचे, असे ठरले होते.

पाचव्या सकाळी बाईंनी वावराच्या मधोमध एकच मोठा ढीग पेटवला. तो भडकला, विझला. धुई तशीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी चारही बांधांवर लहान लहान शेकोट्या केल्या आणि धूर व्हावा म्हणून वर ओले कुटार, म्हणजे भुसा, टाकले.

"काऊन व रुखमाबाई, एवढ्याशा धुरानं का धुई हटते?" महादेवराव आपल्या बांधावरून म्हणाले.

"माह्या वावरापुरती हटली तरी लय झालं, भाऊ."

"हवा फिरली तं धूर माह्या वावरात येईन."

"येऊ द्या. वापस मांगाले येत नाही मी."

पलीकडच्या वावरात अन्नपूर्णाबाई हसल्या आणि त्यांनीही आपल्या बांधावर शेकोटी पेटवली. मग त्यांच्या शेजारच्या कडूबाने. ऊन येईपर्यंत शिवारात वीसेक धूर उठले होते. धुई पातळ झाली. मी तेव्हा रुखमाबाईंच्या काळवंडलेल्या हातांवर पडत होते. त्यांना ते कळले नाही. कळणार तरी कसे?

आठ दिवसांनी त्यांनी एक डहाळी वाकवली. बरीच फुले गेली होती, पण उरलेल्यांच्या जागी नखाएवढ्या शेंगा धरल्या होत्या.

"धरली व," त्या अन्नपूर्णाबाईंना म्हणाल्या. "वावर राह्यलं."

मित्रांनो, थोडे थोडे धुके विरवून संपलेल्या माझ्या बहिणींची नावेही कोणाला माहीत नाहीत. म्हणून एक मागणे आहे. धुईच्या सकाळी एखादी बाई एकटी शेकोटी पेटवताना दिसली, तर दुरून बघत राहू नका. आपल्या बांधावरही एक पेटवा.